आणि सोबती

चौसष्ट गाई विकल्या, आणि नदीकाठचं ते कुरण,
जिथे पूर दर तिसऱ्या वर्षी
न बोलावता मुक्कामाला यायचा.
त्या पैशात मी गाडी घेतली.
मुलगा म्हणाला, आई, हौसेला मोल नसतं, मान्य,
पण ही तर नक्कल आहे.

एवारिस्तोच्या शेडमध्ये हा शब्द कुणी काढत नाही.
पाराना नदीच्या त्या वळणावर सात माणसं
पोखरलेल्या ओंडक्यावर
अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून ठोकत असतात.
सारखं मारलं की पत्रा अडून बसतो, एवारिस्तो सांगतो,
मग त्याला साबण फासायचा, खालून आच द्यायची,
साबण काळा पडला की हात आवरायचा.
पुढे तो लोण्यासारखा ऐकतो.
हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर!

चौदा महिने लागले.
दर महिन्याला बसने जायचे, मांडीवर केकचा डबा.
आधी नुसता सांगाडा, मग पाठ,
मग एके दिवशी नाक: लांबट, खाली झुकलेलं,
वास घेत निघालेल्या कुत्र्यासारखं.
जुळणी बघायला फोटो एकच होता.
एकोणीसशे अडतीस. धुळीतून बाहेर येणारी गाडी,
चालक बावदिलियो फेरांते गर्दीला हात करतोय,
शेजारी माझे बाबा, वीस वर्षांचे,
मान खाली.
घरात सगळे म्हणायचे, लाजले बिचारे.
वर्तमानपत्राने खाली छापलं होतं:
बावदिलियो फेरांते, आणि सोबती.

सोबत्याचं काम पंप मारण्याचं.
टाकीत हवेचा दाब राहिला तर पेट्रोल पुढे सरकणार,
हजार किलोमीटर, डाव्या हाताने.
तो घट्टा शेवटपर्यंत गेला नाही.
डोक्यावरून हात फिरवायचे तेव्हा
माझे केस त्यात अडकायचे.

पंपाची मूठ बघून मी म्हटलं, ही सरळ आहे.
फोटोत वाकडी आहे. खड्ड्यात गाडी आपटली
तेव्हा बाबांचा गुडघा बसला होता तिच्यावर.
एवारिस्तोने फोटो उजेडात धरला,
भिंग लावलं, बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, बाई, नवी वस्तू मी मोडत नाही,
आणि हातोडा माझ्या हातात देऊन
मातेचं पाणी तापवायला निघून गेला.

तीनदा मारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात.
मूठ वाकली नाही.
एक पोचा तेवढा आला, नको त्या जागी.
तो तसाच आहे.

पाटीवर वर्ष कोणतं कोरू, त्याने विचारलं.
काहीजण जुनं मागतात.
मी म्हटलं, आजचं घाल,
आणि पाटी जरा मोठी कर, मला चष्म्याशिवाय वाचता यायला हवी.

न्यायच्या दिवशी सातही जण हात पुसत बाहेर आले.
कुणीतरी अदबीने चालकाच्या बाजूला स्टूल ठेवलं.
मी वळसा घालून पलीकडे गेले
आणि सोबत्याच्या जागेवर बसले.
सुकाणू एवारिस्तोच्या भाचीकडे दिलं, लुहानकडे,
तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मातीचा रस्ता. दोन्हीकडे सोयाबीन.
वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत नेलं,
ते रडणं नव्हतं, वेग होता.
पंप, पंप, पंप.
खांदा भरून आला, तळहात पेटला,
चीजच्या कारखान्यापाशी शाळेची पोरं कुंपणावर चढली,
ओरडायला लागली,
आणि मी, म्हातारी, हुरळून,
पंप सोडून त्यांना हात केला.

इंजिन खोकलं.
लुहान ओरडली, पंप!

मी मान खाली घातली.